मालकाने हात वर केले, तरी पगार मिळतो कसा?

दोहा मेट्रोची हिरवी मार्गिका पूर्वेकडे ज्या स्थानकात संपते, त्याचं नाव अल मन्सूरा. मेट्रो २०१९ च्या डिसेंबरात इथवर आली, वस्ती मात्र त्याच्या कितीतरी आधीची. जुन्या, बुटक्या इमारती, तळमजल्यावर किराणा, सलून, पैसे पाठवण्याची दुकानं, छोटी हॉटेलं आणि वर खोल्या वाटून घेऊन राहणारे नोकरदार. भारत, नेपाळ, बांगलादेश, फिलिपिन्स अशा अनेक देशांची माणसं इथे एकाच जिन्याने वर-खाली करतात.

समजा, यातल्या एका खोलीत दापोलीकडचा एक तरुण राहतो. एसी बसवणाऱ्या लहानशा कंपनीत तो कामाला आहे. कंपनीची बिलं अडकतात, तीन महिन्यांचा पगार थकतो आणि एके दिवशी ऑफिसला कुलूप दिसतं. मालकाचा फोन बंद. तरुण कामगार मंत्रालयात तक्रार करतो, समितीपुढे उभा राहतो, निकाल त्याच्या बाजूने लागतो. पण ज्याच्याकडून वसुली करायची तोच जागेवर नाही आणि कंपनीच्या खात्यात दमडी नाही. असा निकाल म्हणजे नुसता कागद, असं आपल्याला वाटेल. तरीही या तरुणाच्या खात्यात पैसे जमा होऊ शकतात. मालकाने दिलेले नसताना ते कुठून येतात?

या एका प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की सार्वजनिक कल्याणाचं नियोजन म्हणजे काय आणि त्यात सामाजिक योजनांचं काम नेमकं कोणतं, हे उलगडत जातं. योजना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाटप येतं: धान्य, सायकल, अनुदान, चेक. पण चांगली योजना संकट येण्याच्या आधीच कामाला लागलेली असते. संकट कोणावर येईल हे तिला ठाऊक नसतं, कोणावर तरी येणार हे ठाऊक असतं, आणि त्या हिशोबाने पैसा, नियम आणि माणसं तिने आधीच जागेवर बसवलेली असतात.

दोन याद्यांच्या मधला माणूस

कल्याणाचं नियोजन यादीपासून सुरू होतं. सरकार आधी ठरवतं, आपली जबाबदारी कोणाची. कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आहे आणि त्यात मूळ नागरिक जेमतेम दहा-बारा टक्के. बाकी सगळे कामासाठी आलेले. त्यात सर्वांत मोठ्या गटांपैकी एक भारतीयांचा, सात-आठ लाखांचा. निवृत्तिवेतन आणि सामाजिक विम्याची कतारची मुख्य व्यवस्था नागरिकांसाठी आहे. बाहेरून आलेला कामगार तिच्यात बसत नाही.

इकडे गावात काय असतं? दापोलीच्या त्या तरुणाचं नाव रेशन कार्डावर असतं, मतदार यादीत असतं. पण गावातल्या योजना गावात राहणाऱ्यासाठी आखलेल्या. त्याचा पगार इथे मिळत नाही, त्याचा आजार इथल्या दवाखान्यात नोंदला जात नाही, त्याच्या मालकावर इथल्या लेबर ऑफिसची सत्ता चालत नाही. म्हणजे तो दोन्ही देशांत मोजला जातो, पण दोन्हीकडच्या आराखड्यांत अर्धाच बसतो.

अशा माणसाचं संरक्षण कोणतीही एक योजना करू शकत नाही. त्याला अनेक लहान योजनांची साखळी लागते, आणि तिच्या कड्या दोन देशांत विखुरलेल्या असतात.

माथा ते पायथा

महाराष्ट्रात पाणलोटाचं काम ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही रचना लगेच कळेल. डोंगरावर पडलेलं पाणी अडवायचं तर खाली एकच मोठी भिंत घालून भागत नाही. वेगाने आलेलं पाणी भिंतही फोडतं आणि मातीही नेतं. म्हणून काम माथ्यापासून सुरू करतात. वर समतल चर, मग उतारावर बांध, ओढ्यात दगडी बंधारे आणि शेवटी पायथ्याला तलाव. प्रत्येक टप्प्यावर थोडं पाणी अडतं, थोडा वेग कमी होतो. वरून सुटलेलं खाली सापडतं.

कामगाराच्या कल्याणाची आखणी अगदी अशीच असते. माथ्यावरच्या योजना संकट येऊच नये म्हणून असतात. उतारावरच्या योजना आलेलं संकट लहान असतानाच थोपवतात. पायथ्याच्या योजना सगळं निसटून गेल्यावर माणसाला आणि त्याच्या घराला सांभाळतात. वरचे टप्पे नीट केले नाहीत, तर पायथ्याची योजना कितीही उदार असली तरी ती कोसळते. आता दापोलीच्या तरुणाच्या वाटेवरचे हे टप्पे एकेक करून पाहू.

माथ्यावर: करार, किमान वेतन आणि ऊन

पहिला चर मुंबईतच आहे. कतारने २०१९ पासून भारतातल्या काही शहरांत व्हिसा केंद्रं सुरू केली, त्यांतलं एक मुंबईत. वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि मुख्य म्हणजे नोकरीच्या करारावर सही, हे सगळं इथेच होतं. यामागचं कारण सरळ आहे. पूर्वी कामगार एक पगार ऐकून विमानात बसायचा आणि दोह्यात उतरल्यावर त्याच्यापुढे दुसराच कागद यायचा. परक्या देशात, डोक्यावर कर्ज असताना, सही करण्यावाचून त्याला गत्यंतर नसायचं. सही घरच्या बाजूलाच झाली तर नकार देणं त्याच्या हातात राहतं.

दुसरा चर किमान वेतनाचा. २०२० च्या कायदा क्रमांक १७ नुसार २० मार्च २०२१ पासून कतारमध्ये महिना १,००० रियाल मूळ वेतन ठरलं. मालक राहायला जागा देत नसेल तर आणखी ५००, जेवण देत नसेल तर आणखी ३००. म्हणजे सोयी नसतील तिथे एकूण १,८०० रियाल. हा नियम सर्व देशांच्या कामगारांना सारखाच लागू आहे आणि घरकामगारही त्यात आहेत.

यात ‘मूळ वेतन’ या शब्दांकडे लक्ष द्यायला हवं, कारण पुढचे बरेच हिशोब त्यावर उभे असतात. कतारच्या कामगार कायद्यानुसार एक वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला नोकरी सोडताना दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांचं मूळ वेतन उपदान म्हणून मिळतं. मूळ वेतन १,००० रियाल असेल तर तीन आठवड्यांचे साधारण ७०० रियाल होतात आणि पाच वर्षांचे ३,५००. आता करारात एकूण पगार तोच ठेवून मूळ वेतन १,६०० आणि भत्ते कमी दाखवले, तर उपदान ५,६०० वर जातं. म्हणून करारावर सही करताना एकूण आकड्याइतकंच मूळ वेतनही पाहायला हवं.

तिसरा चर उन्हाचा. २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर काम करायला मनाई आहे. शिवाय ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारा उष्णतेचा निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला, तर वर्षातल्या कोणत्याही दिवशी उघड्यावरचं काम थांबवायचं असतं. साध्या तापमापकावर का भागवलं नाही? कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उन्हाने कोसळलेल्या कामगाराला दवाखान्यात नेणं ही पायथ्याची योजना. त्याला त्या वेळी उन्हात उभंच न करणं ही माथ्यावरची. दुसरी स्वस्त असते आणि जीव वाचवते.

उतारावर: पगार दिसला पाहिजे

थकलेल्या पगाराचं संकट एका दिवसात येत नाही. पहिल्या महिन्यात आठ दिवस उशीर, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात अजिबात नाही. पहिल्या उशिराची खबर सरकारला लागली तर पुढचं टाळता येतं. पगार रोखीने मिळत असेल, तर ही खबर लागणार कशी?

कतारने २०१५ मध्ये कामगार कायदा बदलून वेतन संरक्षण यंत्रणा आणली. मालकाने पगार देय तारखेपासून सात दिवसांच्या आत बँकेमार्फत कामगाराच्या खात्यात भरायचा. कोणाला किती, मूळ किती, कपात किती, याची फाइल बँकेकडे जाते आणि ती माहिती मंत्रालयाच्या नजरेखाली येते. पगार भरला गेला नाही किंवा कमी भरला गेला तर ते कामगाराने तक्रार न करताही कळतं. कसूर करणाऱ्या कंपनीला नवे कामगार आणण्याची परवानगी अडवली जाते, पुढे दंड आणि खटला. नवे परवाने अडणं हा कंपनीच्या दृष्टीने दंडापेक्षाही मोठा फटका, कारण माणसं मिळाली नाहीत तर पुढची कंत्राटं घेता येत नाहीत.

मालक आणि मजूर यांच्यामध्ये तिसरा साक्षीदार उभा करायचा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. आपल्याकडे १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या या कामगारांची अडचण अशी होती की त्यांना कायमचा मालकच नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या धक्क्यावर. मग जबाबदारी कोणाची? कायद्याने माथाडी मंडळं स्थापन केली. नोंदणी झालेला व्यापारी मजुरीची रक्कम आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधोपचार यांची सोय करतं. पोती उचलणाऱ्या माणसाला पगारदार बाबूसारखी पासबुकं मिळाली, ती या रचनेमुळे.

दोन्ही ठिकाणी गाभा एकच आहे. मजुरीची वाट एका खिडकीतून नेली की ती मोजता येते, आणि मोजता आली की तिचं संरक्षण करता येतं.

भांडण लवकर मिटलं पाहिजे

तरीही वाद होतातच. अशा वेळी परदेशी कामगाराकडे सर्वांत कमी असते ती गोष्ट म्हणजे वेळ. त्याचा व्हिसा मोजक्या महिन्यांचा, खोलीचं भाडं दर महिन्याचं आणि घरी हप्ता ठरलेला. न्यायालयात दोन वर्षं लागणार असतील तर तो दहा हजारांच्या हक्कावर दोन हजार घेऊन विमान पकडतो. मालकालाही हे माहीत असतं.

२०१७ च्या कायद्याने कतारमध्ये कामगार वाद निवारण समित्या आल्या आणि २०१८ च्या मार्चपासून त्यांचं काम सुरू झालं. आधी मंत्रालयाचा विभाग दोन्ही बाजूंना बोलावून समेट करून पाहतो. नाही जमला, तर प्रकरण न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातं आणि पहिल्या सुनावणीपासून तीन आठवड्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेकांना यापेक्षा बराच जास्त काळ थांबावं लागतं. पण मुदत कायद्यात लिहिलेली असणं हीच मोठी गोष्ट आहे. लिहिलेली मुदत ओलांडली गेली तर निदान तसं बोट दाखवता येतं.

याच काळात आणखी दोन बदल झाले. देश सोडताना मालकाची परवानगी लागण्याची अट २०१८ मध्ये बहुतेकांसाठी आणि २०२० मध्ये घरकामगारांसाठी काढली गेली. नोकरी बदलताना जुन्या मालकाची ‘एनओसी’ लागण्याची अट २०२० मध्ये गेली. हे बदल पगाराशी थेट जोडलेले दिसत नाहीत, पण ज्याला दुसरीकडे जाता येतं त्याचा पगार बुडवणं अवघड होतं.

मालक नसला, तरी निधी आहे

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. निकाल हातात आहे, मालक गायब आहे. पैसे देतो तो कामगार साहाय्य आणि विमा निधी. तो २०१८ च्या कायदा क्रमांक १७ ने स्थापन झाला. समितीने मान्य केलेली थकबाकी कंपनी देऊ शकत नसेल तर निधी ती ठरलेल्या मर्यादेत कामगाराला देतो आणि नंतर मालकाकडून वसूल करण्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतो. वसुलीची लढाई एकट्या कामगाराऐवजी सरकारी यंत्रणा लढते. तिला घाई नसते आणि तिचं विमान सुटत नसतं.

निधीत पैसा येतो कुठून? परदेशी कामगारासाठी कंपनीला परवाना घ्यावा आणि नूतनीकरण करावा लागतो, त्याचं शुल्क सरकारकडे जमा होतं. कायद्याने त्या शुल्काचा ६० टक्के हिस्सा या निधीसाठी राखून ठेवला. सरकारी तरतूद आणि देणग्या यांचीही सोय आहे, पण मुख्य झरा हाच. जितके कामगार जास्त, तितके परवाने जास्त, तितका निधी मोठा. जोखीम वाढली की तिला तोंड देणारा पैसाही आपोआप वाढतो. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत निधीतून एक अब्ज रियालहून जास्त रक्कम, म्हणजे सुमारे ३२ कोटी डॉलर, कामगारांना दिली गेली होती.

महाराष्ट्रातल्या पगारदारांना या रचनेचा अनुभव दर महिन्याला येतो, फक्त ती त्यांच्या लक्षात नसते. पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ नावाची कपात असते, बहुतेकांची दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. हा व्यवसाय कर. १९७५ च्या कायद्याने तो बसवला गेला आणि त्यामागचं कारण होतं रोजगार हमी योजना.

त्या योजनेची कथा थोडक्यात सांगायला हवी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात एक प्रयोग करवून घेतला. काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि तेही बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते असं टिकाऊ काम. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा करताना हाच अनुभव पुढे होता.

या योजनेत तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवल्या होत्या. पैसा: व्यवसाय कर आणि तेवढाच सरकारचा वाटा. शहरातला पगारदार आणि गावातला मजूर एकमेकांना कधी भेटत नाहीत, पण एकाच्या दोनशे रुपयांतून दुसऱ्याची मजुरी निघते. हक्क: मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. तयारी: तालुक्यातल्या कामांची मंजूर यादी हाताशी ठेवायची, म्हणजे मागणी आली की लगेच काम काढता येतं. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ नये म्हणून केलेली ही आखणी होती.

पायथ्याला: मृत्यू, आजार आणि परतीची वाट

२२ मार्च २०२३ च्या सकाळी मन्सूराच्या बिन दिरहम भागात एक चार मजली इमारत कोसळली. मृतांत भारतीयही होते. अशा दुर्घटनेत आपण आतापर्यंत पाहिलेल्या बहुतेक योजनांचा उपयोग संपतो. पगार वेळेवर होत होता की नाही हा प्रश्न मागे पडतो. शिवाय कामाच्या जागी झालेल्या अपघाताची भरपाई कायद्यात आहे, पण राहत्या घरी आलेलं मरण त्या चौकटीत बसत नाही. अशा वेळी घराला आधार देतो तो विमा.

भारतातून जाणाऱ्या कामगारासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. ज्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी घेण्याची अट असते, त्यांना ती बंधनकारक आहे. २०१७ च्या सुधारित स्वरूपात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये मिळतात आणि हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५.

दोह्यात आणखी एक सोय आहे. भारतीय दूतावासाच्या छायेखाली १९८४ पासून इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम ही संस्था काम करते. तिने २०२० मध्ये भारतीयांसाठी समूह विमा सुरू केला: दोन वर्षांना १२५ रियाल आणि मृत्यू झाल्यास वारसांना एक लाख रियाल. कारण अपघाताचंच असायला हवं, अशी अट नाही.

इतक्या थोड्या पैशांत इतकी मोठी रक्कम कशी देता येते? हिशोब करून पाहू. आठशे जणांनी प्रत्येकी १२५ रियाल भरले की बरोबर एक लाख जमतात. म्हणजे दोन वर्षांत आठशेमागे एक मृत्यू झाला तर जमा आणि खर्च सारखे. कामाच्या वयातल्या, वैद्यकीय तपासणी होऊन आलेल्या माणसांत मृत्यूचं प्रमाण कमीच असतं, म्हणून हे गणित बसतं. आता भारताच्या योजनेत पाहा: दहा लाखांसाठी २७५ रुपयांचे साधारण ३,६०० हप्ते लागतात. ते परवडतं, कारण तिथे मुख्य भर अपघाती मृत्यूवर आहे आणि तो सर्व मृत्यूंपेक्षा कमी वेळा घडतो. एक योजना दुसरीला पर्याय नाही. दोन्ही घ्याव्यात, कारण झोपेत हृदय बंद पडून गेलेल्या तरुणाच्या घराला भारताची योजना पुरत नाही.

त्याहीपलीकडे, ज्याच्याजवळ काहीच उरलेलं नाही त्याच्यासाठी २००९ मध्ये भारताने भारतीय समुदाय कल्याण निधी उभारला. दूतावासात पासपोर्ट, व्हिसा आणि इतर कामांवर थोडं सेवाशुल्क घेतलं जातं, त्यातून हा निधी भरतो. अडकलेल्याला तात्पुरता निवारा, परतीचं तिकीट, तातडीचे उपचार, कायदेशीर मदत आणि मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्च, अशी कामं त्यातून होतात. इथेही युक्ती तीच: चांगल्या दिवसांतला प्रत्येक जण थोडं देतो, वाईट दिवस आलेल्याला ते पुरतं.

पाणी कुठून निसटतं?

इतके बांध असूनही माणसं सुटतात, आणि ती कुठून सुटतात हे पाहणं नियोजनाचाच भाग आहे.

बँकेत गेलेला पगार यंत्रणेला दिसतो. तो काढून आणल्यावर मालकाने त्यातला काही रोखीने परत घेतला, तर दिसत नाही. जादा कामाचे तास मुळात लिहिलेच गेले नाहीत, तर त्यांचा पगार बुडाल्याचंही दिसत नाही. वेतन संरक्षण यंत्रणा आली तेव्हा घरकामगार तिच्या बाहेरच राहिले. एकेका घरात विखुरलेल्या स्त्रियांपर्यंत पोहोचणं सर्वांत अवघड असतं.

दुसरी गळती भीतीची. तक्रार केली तर मालक ‘पळून गेला’ अशी नोंद करेल, व्हिसाचं नूतनीकरण अडवेल, या धास्तीने अनेक जण गप्प राहतात. दार उघडं आहे, पण तिथवर चालत जायची हिंमत नाही, अशी ही स्थिती. म्हणून दुभाषे, मदत कक्ष, दूतावासातल्या खुल्या भेटी, महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांतली ओळखीची माणसं यांना कल्याणाच्या आखणीत खरी जागा आहे. कायदा सांगणारा आपल्या भाषेतला एक माणूस नसेल, तर कायदा असून नसल्यासारखा.

तिसरी आणि सर्वांत जुनी गळती कर्जाची. भारतीय नियमानुसार नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं. प्रत्यक्षात मधले दलाल याच्या कितीतरी पट उकळतात. दागिने गहाण ठेवून गेलेला माणूस पहिली दोन वर्षं सावकारासाठी राबतो. असा माणूस अन्याय सहन करतो, कारण रिकाम्या हाताने परतणं त्याला परवडत नाही. खालचे सगळे बांध कमजोर होतात ते या माथ्यावरच्या भगदाडामुळे.

> चौकट: योजनेची परीक्षा घेणारे चार प्रश्न
>
> - पैसा कुठून येतो? ठरलेल्या झऱ्यातून येतो की दर वर्षी मागावा लागतो? (व्यवसाय कर, परवाना शुल्क, लेव्ही, विमा हप्ता)
> - काम कधी सुरू होतं? माणसाने दार ठोठावल्यावर की उशीर झाला की आपोआप?
> - नकार मिळाला तर? मुदत, भत्ता किंवा दाद मागण्याची जागा कायद्यात लिहिली आहे का?
> - यादीबाहेर कोण राहिलं? घरकामगार, कागद नसलेले, परत आलेले?
>
> जाणाऱ्याने सोबत ठेवायचं: कराराची प्रत आणि तिच्यातलं मूळ वेतन, विम्याचे दोन्ही कागद, पगाराचे बँक संदेश, कामाच्या तासांची स्वतः लिहिलेली वही. यांच्या प्रती घरीही ठेवाव्यात.

परत आलेल्याचं काय?

कतारमधला कामगार कितीही वर्षं राहिला तरी शेवटी परततो. उपदानाची रक्कम घराच्या छपरात आणि मुलीच्या लग्नात जाते. साठीला पोहोचलेला हा माणूस इथल्या भविष्य निर्वाह निधीत नसतो, कारण त्याची उमेदीची वर्षं बाहेर गेली. आणि तिथल्या पेन्शनमध्ये नसतो, कारण तो नागरिक नव्हता.

केरळने हा प्रश्न अंगावर घेतला. तिथे १९९६ मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी ‘नोर्का’ हा स्वतंत्र विभाग निघाला. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून ठरावीक वर्षांनी स्थलांतराची पाहणी सुरू केली: कोणत्या जिल्ह्यातून किती गेले, कुठे गेले, किती परतले. मग २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आलं. परदेशात असताना दरमहा थोडी वर्गणी भरायची, किमान पाच वर्षं भरली की साठीनंतर पेन्शन. आधी मोजणी, मग आखणी, मग निधी, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत आखाताशी नातं दोन-तीन पिढ्यांचं आहे. तिथून आलेल्या पैशावर घरं, शाळा, मशिदी, देवळं उभी राहिली. ज्या राज्याने माथाडीला पासबुक दिलं आणि मजुराच्या कामाच्या मागणीला कायद्याचं बळ दिलं, त्याच राज्याकडे या माणसांसाठी लागणारी सगळी अवजारं आहेत. सुरुवात ग्रामपंचायतीपासून करता येईल: गावातून कोण परदेशी गेलं आणि कोण परतलं याची नोंदवही. तिच्या आधारे तालुक्याला मराठीतून प्रस्थानपूर्व प्रशिक्षण, दलालांवर नजर आणि वर्गणीवर चालणारं निवृत्तिवेतन आखता येईल. दोह्यातला निधी त्या तरुणाचा बुडालेला पगार भरून देऊ शकतो. दलालाकडे जाणारे त्याचे पैसे वाचवणं आणि त्याच्या म्हातारपणाची तरतूद करणं मात्र दोह्यातून होणार नाही. ते काम इथलं आहे, आणि पुढची तुकडी मुंबईच्या विमानतळावर पोहोचण्याआधी ते सुरू व्हायला हवं.